पेणचे विष्णुपंत दामले आणि कोल्हापुरात बनलेला कॅमेरा



'आपला जिल्हा' शिकवताना आपण रायगडमधल्या मोठ्या माणसांची नावं मुलांना सांगतो. आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे, पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख. मुलं ही नावं पाठही करतात. पण पेणमध्येच जन्मलेल्या एका माणसाचं नाव या यादीत सहसा येत नाही. ते म्हणजे विष्णुपंत गोविंद दामले.

'संत तुकाराम' हा जुना चित्रपट आपल्या घरातल्या मोठ्या माणसांनी नक्की पाहिलेला असतो. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक दामले. पण दिग्दर्शक होण्याआधी त्यांनी नाटकाचे पडदे रंगवले, कॅमेरा बनवायला मदत केली, तो चालवला, फिल्म धुतली आणि पुढे आवाजाचं यंत्र सांभाळलं. एका कॅमेरामनचं आयुष्य कसं घडतं हे मुलांना सांगायचं असेल तर हॉलिवूडपर्यंत जायची गरज नाही. सुरुवात पेणपासूनच करता येते. या लेखात त्यांचं काम, त्यामागचं विज्ञान आणि वर्गात करण्यासारखे काही उपक्रम दिले आहेत.

छायालेखक म्हणजे नेमकं कोण?

मुलांना विचारलं, "सिनेमा कोण बनवतं?" तर उत्तर येतं, "हिरो!" जरा मोठी मुलं दिग्दर्शक म्हणतात. कॅमेरामागच्या माणसाचं नाव कुणीच घेत नाही, कारण तो दिसतच नाही. पण आपल्याला जे दिसतं ते त्याच्यामुळेच दिसतं.

कॅमेरामनला मराठीत छायालेखक म्हणतात. शब्द छान आहे. छाया म्हणजे सावली. उजेड आणि सावली यांनी लिहिणारा तो छायालेखक. कॅमेऱ्याचं बटण दाबणं हा त्याच्या कामाचा अगदी छोटा भाग. उजेड कुठून येऊ द्यायचा, किती येऊ द्यायचा, चेहऱ्याची कुठली बाजू अंधारात ठेवायची, कॅमेरा जवळ न्यायचा की लांब ठेवायचा, हे सगळं त्याला ठरवावं लागतं.

पेणच्या मुलांना हे समजावणं सोपं आहे. हमरापूर, जोहे किंवा पेण शहरातल्या कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात जा. मूर्ती साच्यातून निघते तेव्हा सगळी एकाच रंगाची असते. रंगकाम करणारा सोंडेच्या कडेला, पोटाच्या खाली, बोटांच्या मध्ये गडद छटा मारतो आणि मूर्तीला उठाव येतो. शेवटी डोळ्यांची आखणी होते आणि मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. कारागीर हे काम रंगाने करतो, छायालेखक उजेडाने करतो.

पेण ते कोल्हापूर

दामल्यांचा जन्म १८९२ चा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा जिल्हा होता. सिनेमा अजून जन्मायचा होता. पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी पैसे घेऊन पहिला खेळ दाखवला तो डिसेंबर १८९५ मध्ये, आणि मुंबईत वॉटसन हॉटेलात तो आला ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे दामले आणि सिनेमा जवळजवळ एकाच वेळी मोठे झाले. 'मोठेपणी मी कॅमेरामन होणार' असं म्हणायला त्यांच्या लहानपणी तो धंदाच नव्हता. आज आपण ज्या मुलांना शिकवतो आहोत त्यांच्याही बाबतीत असंच असू शकतं, हे ध्यानात ठेवायला हवं.

तरुण दामले कोल्हापूरला गेले ते चित्रकलेच्या ओढीने. तिथे आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत असत. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ असे मोठमोठे पडदे. सपाट कापडावर असं रंगवायचं की प्रेक्षकाला खोली दिसली पाहिजे. दामले त्यांच्या हाताखाली शिकू लागले. तिथेच त्यांची जोडी जमली शेख फत्तेलाल यांच्याशी. पुढे सगळे त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणू लागले. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली.

पडदे रंगवणाऱ्याला दोन गोष्टी पक्क्या कळाव्या लागतात. एक म्हणजे उजेड कुठून पडतो आहे, आणि दुसरी म्हणजे लांबून बघणाऱ्याला काय दिसेल. छायालेखकालाही याच दोन गोष्टी लागतात. म्हणजे कॅमेरा हातात येण्याआधीच त्याचं शिक्षण सुरू झालं होतं.

फाळक्यांचा धडा

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. पैसे लावणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेऱ्यासमोर ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ही छोटी फिल्म म्हणजे 'अंकुराची वाढ'. आपल्या विज्ञानाच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

फाळक्यांच्या चित्रपटाचा कॅमेरा चालवला त्र्यंबक बी. तेलंग यांनी. ते त्र्यंबकेश्वरचे, फाळक्यांचे मित्र. कॅमेरा चालवायला त्यांना फाळक्यांनीच शिकवलं. सरस्वतीबाई फाळके यांनी घर सांभाळून, कामाला असलेल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करून रात्री फिल्मला भोकं पाडण्याचं काम केलं. भोकं कशासाठी? फिल्म यंत्रात पुढे सरकायची तर दात अडकायला जागा हवी. मापाच्या फिल्मवर एका चित्राला प्रत्येक बाजूला ४ भोकं असतात. एका फुटात १६ चित्रं बसतात.

आता पाचवीच्या मुलांना गणित घाला. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३७०० फूट लांब होता. एका फुटाला एका बाजूने १६ गुणिले ४ म्हणजे ६४ भोकं. दोन्ही बाजूंनी १२८. तर ३७०० फुटांना किती? उत्तर येतं ४,७३,६००. हाताने फिरवायच्या यंत्रावर एवढी भोकं! आणि हा हिशोब फक्त पडद्यावर दाखवलेल्या फिल्मचा आहे. मूळ चित्रणाची फिल्म वेगळी. गुणाकाराचं उदाहरण सोडवता सोडवता सरस्वतीबाईंच्या कष्टांचा अंदाज मुलांना आपोआप येतो.

कॅमेरा बनवायचा म्हणजे काय करायचं?

फाळक्यांचे चित्रपट पाहून कोल्हापुरात पेंटर बंधूंनाही वाटलं की आपणही असं करावं. अडचण एकच होती, कॅमेरा नव्हता आणि परदेशातून आणायला पैसा नव्हता. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक जुनं प्रोजेक्टर मिळवलं आणि ते उलगडून आत काय चालतं ते पाहिलं. दाखवायचं यंत्र आणि टिपायचं यंत्र यांचं तत्त्व बरंचसं सारखंच असतं. आनंदरावांनी या कामाला वाहून घेतलं, पण १९१६ मध्ये त्यांचं निधन झालं. बाबूरावांनी हार मानली नाही. दामल्यांना सोबत घेऊन त्यांनी काम पुढे नेलं आणि १९१८ मध्ये कोल्हापुरात कॅमेरा तयार झाला.

हे किती अवघड होतं ते समजायला कॅमेऱ्याच्या पोटात डोकावून पाहू. नुसता डबा आणि भिंग असेल तर एक फोटो निघेल. सिनेमासाठी सेकंदाला साधारण १६ फोटो लागतात. त्यासाठी यंत्राने प्रत्येक सेकंदात १६ वेळा पुढची कामं करायची असतात:

१. फिल्म बरोबर एका चित्राएवढी खाली ओढायची. हे काम एक छोटी नखी करते. ती भोकात शिरते, ओढते आणि बाहेर पडते.
२. फिल्म सरकत असताना उजेड बंद ठेवायचा. त्यासाठी भिंगामागे अर्धी कापलेली गोल चकती फिरत असते. तिला शटर म्हणतात.
३. फिल्म पूर्ण थांबली की उजेड आत सोडायचा, तोही सेकंदाच्या साधारण ३२ व्या भागाएवढाच.
४. पुन्हा उजेड बंद, पुन्हा ओढणं.

नखी आणि चकती यांची वेळ केसभरही चुकली तरी चित्र फिसकटतं. ओढ कमीजास्त झाली तर पडद्यावर सगळं थरथरतं. डब्याला सुईएवढी फट राहिली तर सगळी फिल्म काळी पडते. ही कामं मिस्त्रीकामाची, लेथवर चक्र कापण्याची आणि कानस घासण्याची. चित्रकाराच्या हातांनी ती शिकून घेतली.

असा कॅमेरा मोटारीवर चालत नसे. बाजूला दांडा असायचा. एका फेऱ्यात ८ चित्रं, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. समोर लढाई असो की रडारड, हाताचा वेग बदलता कामा नये. जात्यावर दळणारी बाई ओवी म्हणत एका लयीत हात फिरवते, तसंच हे काम. कॅमेरामनच्या अंगात लय मुरावी लागे.

इथे मुलांच्या एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. "जुन्या सिनेमातली माणसं एवढी भराभर का चालतात?" सेकंदाला १६ चित्रं या वेगाने टिपलेली फिल्म नंतरच्या यंत्रांवर सेकंदाला २४ या वेगाने दाखवली जाते. म्हणून सगळी पळताना दिसतात. १००० फूट फिल्म १६ च्या वेगाने १६ मिनिटं ४० सेकंद चालते, तर २४ च्या वेगाने ११ मिनिटं आणि सुमारे ७ सेकंद. सातवीची मुलं हे प्रमाण स्वतः काढू शकतात.

कंपनी हीच शाळा

कॅमेरा तयार झाल्यावर बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवलाची मदत केली. छत्रपती शाहू महाराजांचाही आधार मिळाला. १९२० मध्ये पुण्यात 'सैरंध्री' लागला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' असं म्हटलं.

त्या काळी सिनेमा शिकवणारी शाळा नव्हती, पुस्तकं नव्हती. शिकायचं ते काम करताना. कंपनीत आलेला माणूस सकाळी पडदा रंगवायचा, दुपारी सुताराला हात लावायचा, ऊन चांगलं असेल तर चित्रणाला उभा राहायचा आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचा. दामले या सगळ्यातून गेले. व्ही. शांताराम, केशवराव धायबर हेही याच कंपनीत तयार झाले. धायबर पुढे नामांकित छायालेखक झाले.

चित्रण बहुतेक उन्हातच व्हायचं. विजेचे मोठे दिवे सहज मिळत नव्हते. कडक ऊन थेट चेहऱ्यावर पडलं तर डोळ्यांखाली काळे खड्डे दिसतात. म्हणून वर पांढरं कापड ताणायचं म्हणजे ऊन मऊ होतं. सावलीची बाजू फारच काळी दिसत असेल तर समोरून चकचकीत फळी धरून तिकडे उजेड परतवायचा. ढग आला की थांबायचं. कोकणातल्या माणसाला आभाळ पाहून काम ठरवायची सवय असतेच. आपल्याकडचे मिठागरवाले, पापड वाळत घालणाऱ्या बायका आणि मूर्ती सुकवणारे कारागीर आजही आभाळाकडे बघूनच दिवस ठरवतात.

आणखी एक गंमत. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू काळी यायची आणि निळं आभाळ पांढरं फटक. त्यामुळे लाल शालू नेसलेली राणी पडद्यावर काळं वस्त्र नेसल्यासारखी दिसे. कुठला रंग फिल्मवर किती गडद येईल, हे आधीच डोक्यात ठेवून सेट आणि कपडे रंगवावे लागत. इथे पडदे रंगवण्याचा अनुभव कामाला येई.

१९२८ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला. पेणहून चित्रकलेच्या ओढीने गेलेला माणूस पस्तिशी ओलांडताना दिग्दर्शक झाला होता.

इकडे प्रभात, तिकडे हॉलिवूड

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच: शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. त्याच्या बरोबर सोळा दिवस आधी, १६ मे १९२९ रोजी, हॉलिवूडमध्ये पहिला ऑस्कर सोहळा झाला. छायालेखनाचं पहिलं ऑस्कर मिळालं चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस यांना, 'सनराइज' या चित्रपटासाठी. त्यात दलदलीतून चालणाऱ्या माणसामागे कॅमेरा तरंगत जातो असं दृश्य आहे. त्यासाठी वर छताला रूळ बांधून त्यावरून कॅमेरा सोडला होता.

दोन्हीकडची परिस्थिती शेजारी ठेवून पाहा. हॉलिवूडमध्ये छायालेखकांची स्वतःची संस्था १९१९ मध्येच निघाली होती. मिचेलसारखे कारखाने तयार कॅमेरे विकत होते. दिवे लावणारा वेगळा, फिल्म धुणारा वेगळा, सेट रंगवणारा वेगळा. तिथला छायालेखक एका कामात खोल उतरू शकत होता. कोल्हापुरात तीच माणसं सगळं करत होती. कोण श्रेष्ठ हे ठरवायचा प्रश्न नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की यंत्र हाताने बनवलेलं असल्यामुळे ते बिघडलं तर आपल्याकडे कुणाची वाट बघावी लागत नव्हती, आणि नवीन तंत्र आलं तर त्याची भीती वाटत नव्हती. पुढची घटना याचंच उदाहरण आहे.

आवाजसुद्धा उजेडानेच टिपला जातो

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि मूक चित्रपटाचे दिवस भरले. पडद्यावरची माणसं बोलू लागली. सगळ्यांपुढे प्रश्न पडला, आता काय? प्रभातने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. विषय पुन्हा हरिश्चंद्राचाच. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे मुख्य भूमिकांत होते. आवाजाची जबाबदारी घेतली दामल्यांनी.

कॅमेरावाला माणूस आवाजाकडे कसा गेला? त्या काळी आवाज कसा टिपत ते समजलं की कोडं सुटतं. माणूस बोलला की हवा थरथरते. मायक्रोफोन त्या थरथरीचा विजेचा प्रवाह बनवतो. प्रवाह कमीजास्त होतो तसा एका बारीक फटीतून येणारा उजेड कमीजास्त केला जातो आणि तो उजेड सरकत्या फिल्मवर पडतो. फिल्म धुतली की कडेला एक नक्षीदार पट्टी उमटते. दाखवताना याच्या उलट घडतं. पट्टीतून गेलेल्या उजेडाची वीज होते आणि विजेचा आवाज. म्हणजे त्या काळचा आवाज हा खरं तर आवाजाचा फोटोच होता! फिल्म नीट धुतली नाही तर चित्र खराब व्हावं तसा आवाजही खराब व्हायचा. उजेड, फिल्म आणि यंत्र या तिन्हींची ओळख असलेला माणूस या कामाला योग्यच होता.

अडचणी मात्र खूप होत्या. कॅमेऱ्याची घरघर आवाजात येऊ नये म्हणून तो झाकावा लागे. मायक्रोफोन चित्रात दिसू द्यायचा नाही. पार्श्वगायन नव्हतं, त्यामुळे नट गाणार तेव्हाच वाजवणारेही जवळपास लपून वाजवणार. आणि चित्र थांबत थांबत सरकतं, पण आवाज अखंड सरकावा लागतो. दोघांचा मेळ घालणं हे केवढं काम!

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. चित्रणाची मोठी सभागृहं, फिल्म धुण्याची प्रयोगशाळा, आवाज, जोडकाम सगळं एकाच आवारात.

'संत तुकाराम'

१९३६ चा 'संत तुकाराम' हा दामले आणि फत्तेलाल यांच्या कामाचा कळस. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जिजाईच्या भूमिकेत गौरी, पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचं. छायालेखन व्ही. अवधूत यांनी केलं. मुंबईत तो एका थिएटरात वर्षाहून जास्त चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याची वाखाणणी झाली.

मुलांसोबत हा चित्रपट पाहाल तर दोन गोष्टींकडे लक्ष वेधा. पहिली म्हणजे साधेपणा. तुकारामांचं घर, अंगण, म्हैस, मुलं हे सगळं आपल्या ओळखीचं वाटतं. कॅमेरा उगाच मिरवत नाही. तो शांतपणे बघत राहतो. दुसरी म्हणजे चमत्कार. इंद्रायणीतून वह्या वर येतात, शेवटी गरुडाचं विमान येतं. यात संगणक नाही. छोट्या प्रतिकृती करणं, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणं, चित्राचा काही भाग झाकून नंतर तिथे दुसरं चित्र आणणं, अशा युक्त्यांनी त्या काळी हे साधत. पडदे रंगवणाऱ्या आणि कॅमेरा उलगडून पाहिलेल्या माणसांना अशा युक्त्या सुचल्या यात नवल नाही.

त्यानंतर दोघांनी 'गोपाळ कृष्ण' आणि 'संत ज्ञानेश्वर' केले. १९४५ मध्ये दामल्यांचं निधन झालं. प्रभातही काही वर्षांनी बंद पडली. पण १९६० मध्ये त्याच आवारात सरकारने चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था सुरू केली, जी आज एफटीआयआय म्हणून ओळखली जाते. प्रभातचं जुनं चित्रणाचं सभागृह तिथे अजून उभं आहे. कसलीही शाळा नसताना जे लोक काम करता करता शिकले, त्यांच्याच जागेत छायालेखनाची शाळा निघाली.

वर्गात काय करता येईल?

खर्च फार येत नाही. दप्तरमुक्त दिवशी हे उपक्रम घेता येतील.

१. खोक्याचा कॅमेरा. बुटाच्या खोक्याच्या एका लहान बाजूला टाचणीने छिद्र पाडा. समोरची बाजू कापून तिथे बटर पेपर ताणून चिकटवा. डोक्यावर जाड चादर घेऊन बटर पेपरच्या बाजूने उन्हातलं झाड पाहा. झाड उलटं दिसेल. का उलटं, हे मुलांना रेघा काढून शोधू द्या. छिद्र सूर्याकडे धरू नये, हे आधीच बजावून सांगा.

२. चाळायची वही. छोट्या वहीच्या १६ पानांच्या कोपऱ्यात एकच चेंडू प्रत्येक पानावर थोडा पुढे सरकवून काढायला सांगा. पानं भराभर सोडली की चेंडू पळतो. एका सेकंदाच्या सिनेमाला किती चित्रं लागतात ते हाताला कळतं.

३. अंकुराची वाढ. वाटीत ओला कापूस ठेवून मटकी किंवा वाटाणा टाका. मोबाईल रोज एकाच जागी, एकाच अंतरावर ठेवून दर दोन तासांनी एक फोटो काढा. आठवड्याने सगळे फोटो भराभर पुढे सरकवा. फाळक्यांचा प्रयोग आपल्या वर्गात!

४. मूर्ती आणि टॉर्च. हा उपक्रम खास पेणसाठी. न रंगवलेली छोटी मूर्ती किंवा शाडूचा चेहरा अंधाऱ्या खोलीत ठेवा. टॉर्च समोरून मारा, मग बाजूने, वरून आणि खालून. प्रत्येक वेळी चेहरा कसा वाटतो ते मुलांना बोलू द्या. समोरून तो सपाट दिसतो, बाजूने उठाव येतो, खालून मारला की भीती वाटते. मग पांढरा कागद दुसऱ्या बाजूला धरून सावली कशी मऊ होते ते दाखवा. छायालेखनाचा पहिला धडा एवढाच आहे.

पालकांशी आणि शिक्षकांशी थोडं

आपल्याकडे बऱ्याच मुलांच्या घरी मूर्तीचं काम चालतं. सोंडेच्या कुठल्या बाजूला गडद छटा मारायची, हे चौथीतल्या मुलाला बघून बघून कळलेलं असतं. तेच मूल वाचनात मागे असेल तर आपण घाईने म्हणतो, "याचं अभ्यासात लक्ष नाही." आईवडीलही म्हणतात, "हे काम आम्ही करतोय तेवढं पुरे, त्याने पुस्तक वाचावं." त्यांचं म्हणणं खोटं नाही. कारखान्यातलं काम कष्टाचं, हंगामी आणि बेभरवशाचं आहे. मुलांना त्यात जुंपावं असं मी मुळीच म्हणत नाही, आणि वाचन-लेखन-गणित तर आलंच पाहिजे. वर केलेला भोकांचा हिशोब त्याशिवाय कुठे सुटतो?

पण दामल्यांचं आयुष्य पाहिलं की एक गोष्ट पटते. हाताने करायचं काम आणि डोक्याने करायचा अभ्यास या दोन वेगळ्या खोल्या नाहीत. पडदा रंगवताना त्यांना उजेड कळला. यंत्र उलगडताना विज्ञान कळलं. कॅमेरा कळला म्हणून आवाज कळला. एका कामातली समज पुढच्या कामाला उपयोगी पडत गेली. आपल्या मुलांची ही समज आपण ओळखली नाही, तर ती त्यांची त्यांनाही कळणार नाही आणि वाया जाईल.

म्हणून एक छोटी सूचना. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना 'चित्रकलेत रस आहे' एवढ्यावर थांबू नका. 'उजेडाची दिशा ओळखून सावली रंगवतो', 'वस्तू उलगडून पुन्हा जोडते', 'एका लयीत बराच वेळ काम करू शकतो' असं नेमकं लिहा. पालकसभेत ती नोंद वाचून दाखवा. आईवडिलांना वाटू द्या की घरात शिकलेलं शाळेत मोजलं जातं. आणि त्याच नोंदीचा धागा धरून त्या मुलाला वाचायला द्या. ज्याला सावली कळते त्याला सावलीवरचा धडा वाचायला आवडेल.

आणि पुढच्या वेळी 'आपला जिल्हा' शिकवताना यादीत हे नाव जरूर घाला: विष्णुपंत दामले, पेण. नाव पाठ करून घेण्याआधी हातात टॉर्च द्या.

आपल्या शाळेत यातला कुठला उपक्रम घेतलात आणि मुलं काय म्हणाली, ते नक्की कळवा.